व्हिडिओ गेमवर सूट कधी द्यायची, हे कंपन्या कसं ठरवतात?

जानेवारी २०१७ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल ७' हा गेम बाजारात आला. अमेरिकेत त्याची किंमत होती ६० डॉलर. मार्चअखेरपर्यंत त्याच्या सुमारे ३५ लाख प्रती खपल्या. बहुतेक गेमच्या बाबतीत इथे गोष्ट संपल्यात जमा असते. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की या गेमच्या एक कोटी प्रती विकल्या गेल्या आहेत. म्हणजे गाजावाजा, जाहिराती, परीक्षणं हे सगळं असतानाच्या दोन महिन्यांत जितक्या प्रती गेल्या, त्याच्या जवळपास दुप्पट प्रती नंतरच्या साडेचार वर्षांत गेल्या. या काळात किंमत एकेक पायरी खाली येत होती. आधी थोडी सूट, मग जास्त, मग मूळ किंमतच कमी आणि तिच्यावर पुन्हा सूट.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की गेम जुना झाला, मागणी घटली, म्हणून किंमत उतरली. ते अर्धंच खरं आहे. कुठल्या महिन्यात किती टक्के सूट द्यायची आणि कुठल्या महिन्यात अजिबात द्यायची नाही, याचं नियोजन अनेकदा गेम बाजारात येण्याआधीच झालेलं असतं. मुलांनी 'सेल लागलाय, आजच घेऊ या' म्हणत मागे लागावं, अशीच त्याची आखणी असते.

आंबा नासतो, गेम नासत नाही

हापूसची पहिली पेटी बाजारात येते तेव्हा तिचा भाव ऐकूनच आपण पुढे सरकतो. मे महिना सरत आला की तोच आंबा आवाक्यात येतो. तिथे भाव उतरण्याचं कारण उघड आहे. आवक वाढलेली असते आणि माल नासण्याची भीती असते. डिजिटल गेमला यातलं काहीच लागू होत नाही. तो नासत नाही, गोदामात जागा अडवत नाही आणि आवक म्हणाल तर पहिल्या दिवसापासून अमर्याद. गेम बनवायला शेकडो लोक आणि अनेक वर्षं लागतात, पण बनून झाल्यावर त्याची आणखी एक प्रत विकायला कंपनीला जवळपास काहीच खर्च येत नाही.

मग किंमत कशावरून ठरवायची? खर्चावरून ठरवता येत नाही, म्हणून ती घेणाऱ्याच्या तयारीवरून ठरते.

समजा तीन मित्र आहेत. पहिला त्या मालिकेचा वेडा आहे, तो ४,००० रुपये मोजेल. दुसऱ्याला गेम आवडेल, पण २,००० च्या वर तो जाणार नाही. तिसरा ५०० रुपयांना मिळाला तर घेईल, नाहीतर नाही. किंमत ४,००० ठेवली तर एकच जण घेतो आणि कंपनीला ४,००० मिळतात. २,००० ठेवली तर दोघं घेतात, रक्कम तेवढीच. ५०० ठेवली तर तिघंही घेतात आणि हाती येतात १,५०० रुपये. पण आधी ४,०००, काही महिन्यांनी २,००० आणि दोन वर्षांनी ५०० अशी किंमत ठेवली, तर तिघांकडून मिळून ६,५०० रुपये मिळतात. अर्थशास्त्रात याला किंमतभेद म्हणतात. एकच वस्तू वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या किमतीला विकायची. फक्त इथे कुणाला तोंड पाहून भाव सांगितला जात नाही. ज्याला धीर नाही तो जास्त देतो, ज्याला धीर आहे तो कमी देतो. माणसाचा धीर हीच चाळणी.

सिनेमाचं गणित असंच चालतं. आधी थिएटर, मग ओटीटी, मग टीव्ही. आपल्याकडच्या पुस्तकांचं मात्र अनेकदा उलटं असतं. मराठी प्रकाशक 'प्रकाशनपूर्व सवलत' देतात, कारण त्यांना छपाईसाठी पैसे आधी हवे असतात. गेमच्या जगातही असा एक उलटा प्रवाह आहे, त्याकडे पुढे येऊ.

स्वतःशीच स्पर्धा

हे इतकं सोपं असतं, तर प्रत्येक कंपनीनं शिडी लावली असती आणि विषय संपला असता. अडचण अशी की ग्राहकही शिकतो. गेल्या वेळी आपण ४,००० ला घेतलेला गेम तीन महिन्यांत निम्म्या किमतीला मिळाला, हे त्याच्या लक्षात राहतं. पुढच्या वेळी तो थांबतो.

रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञानं १९७२ मध्ये टिकाऊ वस्तू आणि मक्तेदारी यांबद्दल एक छोटा निबंध लिहिला होता. त्याला पुढे १९९१ मध्ये नोबेल मिळालं, ते अन्य कामासाठी, पण हा निबंधही गाजला. त्याचा मुद्दा असा की टिकाऊ वस्तू विकणाऱ्याला बाहेर कुणी प्रतिस्पर्धी नसला, तरी त्याचा एक प्रतिस्पर्धी असतोच, तो म्हणजे उद्याचा तो स्वतः. विक्रेता उद्या भाव उतरवणार हे ग्राहकाला ठाऊक असेल, तर आज चढा भाव टिकत नाही. व्हिडिओ गेमच्या बाजारात हे जितकं स्वच्छ दिसतं, तितकं क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

त्यामुळे प्रकाशकाला दोन दिशांनी ओढ असते. सूट लवकर दिली तर आज पैसे येतात, पण पुढच्या गेमचे पहिल्या दिवशीचे ग्राहक कमी होतात. सूट उशिरा दिली तर गेमबद्दलची चर्चा विझलेली असते आणि स्वस्तातही कुणी विचारत नाही. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या मोठ्या गेमवर काही महिन्यांतच भरघोस सूट मिळते, असा अनुभव खेळणाऱ्यांना वर्षानुवर्षं आला आहे आणि 'थांबा, उतरेल' हा सल्ला त्यांच्या बाबतीत हमखास दिला जातो. ही सवय ग्राहकांना कंपनीनंच लावली.

उलट बाजूला 'बाल्डर्स गेट ३' पाहा. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा हा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला, आणि त्या वर्षअखेरीस त्यावर सूट मिळाली ती अवघी १० टक्के. पुढच्या वर्षी २० टक्के. विक्री जोरात चालू असताना शिडीच्या पायऱ्या मुद्दाम लहान ठेवल्या गेल्या.

२००९ मधले आकडे

आज पीसी गेमची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणजे स्टीम हे ऑनलाइन दुकान. ते व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचं. २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा ते व्हॉल्व्हच्याच गेमपुरतं होतं, नंतर इतरांचेही गेम तिथे विकले जाऊ लागले. डिजिटल दुकानाचा एक फायदा असा की किंमत बदलायला स्टिकर चिकटवावे लागत नाहीत आणि बदलाचा परिणाम तासाभरात दिसतो. व्हॉल्व्हनं प्रयोग करून पाहिले.

२००९ मध्ये कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी एका उद्योग परिषदेत त्यांचे आकडे सांगितले. सुट्टीच्या काळातल्या सेलमध्ये १० टक्के सूट दिलेल्या गेमची विक्री ३५ टक्क्यांनी वाढली. २५ टक्के सूट, तर वाढ २४५ टक्के. ५० टक्के सूट, तर ३२० टक्के. आणि ७५ टक्के सूट दिलेल्या गेमच्या विक्रीत वाढ झाली १,४७० टक्के. लक्षात घ्या, ही वाढ प्रतींची नव्हती, जमा झालेल्या पैशांची होती. एक चतुर्थांश किमतीला विकूनही रक्कम जवळपास सोळापट झाली, म्हणजे प्रती साधारण ६३ पट खपल्या. त्यांच्याच 'लेफ्ट ४ डेड' या गेमची किंमत एका शनिवार-रविवारी निम्मी केली, तेव्हा विक्री ३,००० टक्क्यांनी वाढली. आणि दुकानात डबाबंद विकल्या जाणाऱ्या प्रतींवर त्याचा काही वाईट परिणाम झाला नाही, असंही न्यूएल यांनी सांगितलं.

या भाषणानंतर सवलतीकडे पाहण्याची नजरच बदलली. तोपर्यंत सूट म्हणजे न खपलेला माल काढणं, अशी समजूत होती, आणि तिला कारण होतं. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास अटारी आणि इतरांच्या काडतुसांचा इतका साठा झाला की दुकानदारांनी ती पाच डॉलरच्या आसपास टोपल्यांत टाकून विकली. पाच डॉलरचा गेम समोर असताना तीस-चाळीस डॉलरचा नवा गेम कोण घेणार? संपूर्ण धंदा काही वर्षं झोपला. अटारीचा 'ई.टी.' हा गेम तर न्यू मेक्सिकोतल्या एका कचराभूमीत पुरला गेला होता आणि २०१४ मध्ये तो उकरून काढल्यावर त्या कहाणीवर शिक्कामोर्तब झालं.

डबाबंद मालात किंमत उतरवणं प्रकाशकाला आणखी एका कारणानं महाग पडायचं. दुकानदारानं जुन्या भावानं घेतलेला माल शेल्फवर असायचा, त्यामुळे भाव उतरवला की फरकाची भरपाई बहुधा प्रकाशकाला करावी लागे. डिजिटल विक्रीत ही भानगडच नाही.

तरीही २००९ चे आकडे आज जसेच्या तसे वापरणं चुकीचं ठरेल. तेव्हा स्टीमवर मोजके गेम होते, त्यामुळे सेलमध्ये झळकणं म्हणजे सगळ्यांच्या नजरेत येणं होतं. २०२४ या एकाच वर्षात तिथे १८ हजारांहून अधिक नवे गेम आले. आता सेलच्या काळात सगळंच स्वस्त असतं. ७५ टक्के सूट देऊनही कुणी ढुंकून न पाहणारे गेम हजारोंनी आहेत, आणि त्यांच्या निर्मात्यांना परिषदेत बोलायला कुणी बोलावत नाही.

नियम दुकानदाराचे

तारीख पूर्णपणे प्रकाशकाच्या हातात नसते. स्टीमवर किंमत प्रकाशक ठरवतो, पण सूट कधी देता येईल याला कुंपण आहे. गेम बाजारात आल्यावर पहिल्या ३० दिवसांत, सुरुवातीची खास सवलत सोडली, तर सूट देता येत नाही. एक सवलत संपल्यावर दुसरी देण्याआधी ३० दिवस जावे लागतात. मूळ किंमत वाढवली तर त्यानंतरही ३० दिवस सूट बंद, म्हणजे आदल्या दिवशी भाव चढवून दुसऱ्या दिवशी 'निम्म्या किमतीत' अशी पाटी लावता येत नाही. सूट १० टक्क्यांहून कमी आणि ९० टक्क्यांहून जास्त चालत नाही.

वर्षातले चार मोठे हंगामी सेल मात्र या ३० दिवसांच्या अंतराच्या नियमातून वगळलेले आहेत. त्यांच्या तारखा व्हॉल्व्ह खूप आधी जाहीर करतं. उन्हाळी सेल जूनअखेरीस सुरू होतो, हिवाळी नाताळच्या आसपास. त्यामुळे प्रकाशकाची दिनदर्शिका या चार खुंट्यांवर टांगलेली असते, आणि मधल्या मोकळ्या जागांत स्वतःचे छोटे सेल बसवायचे असतात.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ग्राहकाच्या नजरेआड राहते. ती म्हणजे विशलिस्ट. 'नंतर बघू' म्हणून तुम्ही गेम त्या यादीत टाकता, तेव्हा प्रकाशकाला इतकं कळतं की इतके लोक दाराशी उभे आहेत, फक्त आत येत नाहीयेत. गेमवर २० टक्के किंवा त्याहून जास्त सूट लागली की स्टीम यादीतल्या लोकांना ईमेल पाठवतं. १५ टक्क्यांवर ईमेल जात नाही. म्हणून स्टीमवर २० टक्क्यांची सूट इतकी वारंवार दिसते. त्या आकड्यामागे अर्थशास्त्र कमी आणि टपाल जास्त आहे.

विशलिस्टमध्ये साचलेली माणसं हा एक प्रकारचा साठाच असतो आणि प्रत्येक सवलतीत त्यातला काही भाग उपसला जातो. २० टक्क्यांना येणारे येऊन गेले, की पुढच्या वेळी त्याच २० टक्क्यांवर फारसं कुणी येत नाही. मग ३३, मग ५०. म्हणूनच सूट सहसा आधीच्यापेक्षा खोल होत जाते आणि एकदा खोल गेली की मागे येणं अवघड होतं. ७५ टक्के सूट पाहिलेला माणूस ५० टक्क्यांना 'महाग आहे' म्हणतो.

२०१५ पर्यंत स्टीमच्या सेलमध्ये काही तासांपुरत्या सवलती असायच्या. लोक गजर लावून उठायचे. जून २०१५ मध्ये रिफंडची सोय आली. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. मग सकाळी घेतलेला गेम संध्याकाळी आणखी स्वस्त झाला, तर लोक परत करून पुन्हा घेणार हे उघड होतं. त्याच वर्षअखेरपासून झटपट सवलती गेल्या आणि सेलभर एकच किंमत ठेवण्याची पद्धत आली.

बाकीचं घड्याळ

हंगाम सोडून आणखी काही गोष्टी तारीख ठरवतात. सर्वांत मोठी म्हणजे त्याच मालिकेतला पुढचा गेम. नवा भाग येण्याआधी जुना भाग स्वस्तात वाटायचा, म्हणजे नव्या भागासाठी गिऱ्हाईक तयार होतं. कॅपकॉम हे अत्यंत पद्धतशीरपणे करतं. डिसेंबर २०२३ मध्ये 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'ची घोषणा झाली आणि २०१८ चा 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' मोठ्या सवलतीत पुन्हा पुढे आणला गेला. त्याचे खेळाडू झपाट्यानं वाढले. 'वाइल्ड्स' यायला तेव्हा वर्षाहून जास्त अवकाश होता. २०२३-२४ या आर्थिक वर्षात कॅपकॉमनं सगळे मिळून साडेचार कोटींहून अधिक प्रती विकल्या आणि त्यात बहुसंख्य वाटा जुन्या गेमचा होता. कंपनीच्या अहवालांत जुन्या गेमची यादी ही मालमत्ता म्हणूनच मांडलेली असते.

दुसरी गोष्ट टीव्ही. 'द विचर ३' हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा गेम मे २०१५ चा. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर 'द विचर' मालिका आली, त्याच सुमारास स्टीमचा हिवाळी सेल सुरू होता, आणि साडेचार वर्षं जुना गेम एकाच वेळी खेळणाऱ्यांची संख्या स्टीमवर त्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षाही वर गेली. एप्रिल २०२४ मध्ये 'फॉलआउट' मालिकेच्या वेळी बेथेस्डानं २०१५ चा 'फॉलआउट ४' ७५ टक्के सवलतीत ठेवला होता. इथे सूट मागणी निर्माण करत नाही. आधीच तयार झालेली मागणी हवेत विरण्याआधी झेलते.

तिसरं, आर्थिक वर्षाचा शेवट. अनेक मोठ्या जपानी आणि युरोपीय कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं. गुंतवणूकदारांना दिलेल्या आकड्यांत तूट दिसत असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सूट देण्याचा मोह आवरणं कठीण. आपल्याकडे कारच्या शोरूममध्ये मार्चएण्डला जे घडतं, तेच.

आणि चौथं, मूळ गेम हाच कमाईचा मुख्य मार्ग नसेल तर. स्वीडनची पॅरॅडॉक्स कंपनी एकेका गेमसाठी अनेक वर्षं नवनव्या पुरवण्या विकते. तिनं 'क्रुसेडर किंग्ज २' हा मूळ गेम २०१९ मध्ये सरळ फुकट करून टाकला. 'द सिम्स ४' ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे. दार उघडं ठेवायचं आणि आतल्या खोल्यांना तिकीट लावायचं. अशा गेमवरची ८० टक्के सूट पाहून हुरळून जाण्याआधी त्याच्या सगळ्या पुरवण्यांची बेरीज करून पाहावी.

जे सूट देत नाहीत

निन्टेंडोचा 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' एप्रिल २०१७ मध्ये ६० डॉलरला आला. आणि खरं तर तो २०१४ च्या गेमचीच वाढीव आवृत्ती होता. पुढची अनेक वर्षं त्याची किंमत ६० डॉलरच राहिली. मधूनमधून एखादी मर्यादित सवलत, बस. त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या.

निन्टेंडोचे दिवंगत अध्यक्ष सातोरू इवाता हे गुंतवणूकदारांसमोर वारंवार मांडायचे की प्रत काढणं स्वस्त झालं म्हणून सॉफ्टवेअरचं मोल घसरू देता कामा नये. हे धोरण त्यांना परवडतं, कारण 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' निन्टेंडोच्याच यंत्रावर मिळतो, दुसरीकडे कुठेच नाही. दरवर्षी नवं यंत्र घेणारं कुटुंब येतं आणि त्याच्यासाठी तो गेम नवाच असतो. 'थांबा, उतरेल' असं कुणी म्हणत नाही, कारण उतरत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. कोसच्या कोड्यावरचं हेच उत्तर आहे. शब्द द्यायचा आणि वर्षानुवर्षं पाळायचा.

पण हे फक्त दांडग्या कंपनीलाच जमतं असंही नाही. 'फॅक्टोरिओ' हा कारखाना उभारण्याचा गेम चेक प्रजासत्ताकातल्या वूब सॉफ्टवेअर या छोट्या गटानं बनवला. त्यांनी कधीही सेलमध्ये भाग घेणार नाही असं आधीच सांगून टाकलं. इतकंच नव्हे, २०१८ मध्ये किंमत २० डॉलरवरून ३० केली आणि जानेवारी २०२३ मध्ये महागाईचं कारण देऊन ३५. तोपर्यंत ३५ लाख प्रती विकल्या गेल्या होत्या.

हाच तो वर म्हटलेला उलटा प्रवाह, आपल्या प्रकाशनपूर्व सवलतीसारखा. गेम अर्धवट असताना स्वस्त द्यायचा, पुरा होत जाईल तसा भाव वाढवायचा. 'माइनक्राफ्ट'नंही सुरुवातीला हेच केलं. जेसन रोहरर या अमेरिकी निर्मात्यानं २०१४ मध्ये 'द कॅसल डॉक्ट्रिन' विकताना ही पद्धत वापरली आणि तिच्या बाजूनं जोरदार लेखही लिहिला. त्याचा युक्तिवाद असा की सेलची पद्धत नेमकी तुमच्या सर्वांत निष्ठावान चाहत्यांना शिक्षा करते, कारण तेच पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजतात. मला हा युक्तिवाद पटतो, पण त्यावर धंदा उभा करायला 'फॅक्टोरिओ'सारखा गेम हातात असावा लागतो.

लहान निर्मात्याची कोंडी

समजा दोघातिघांनी मिळून बनवलेला गेम २० डॉलरला आहे. ७५ टक्के सूट दिली की उरले ५. त्यातले ३० टक्के स्टीमचे, म्हणजे उरले साडेतीन. वर कर, परतावे आणि प्रकाशक असेल तर त्याचा वाटा. पूर्ण किमतीला मिळाले असते तेवढे पैसे मिळवायला चौपट प्रती खपाव्या लागतात. मोठ्या कंपनीचा गेम असेल तर स्टीमचा वाटाही कमी होतो. २०१८ पासून एक कोटी डॉलरच्या वरच्या विक्रीवर २५ टक्के आणि पाच कोटी डॉलरच्या वर २० टक्के, असा नियम आहे. म्हणजे ज्याला गरज कमी, त्याच्या हाती जास्त टक्के राहतात.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला, तेव्हा भारतीय कथेवरचा, जागतिक दुकानांत दिसणारा गेम म्हणून त्याची चर्चा झाली. तो ऑगस्टमध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतरत्र आला. अशा गटाकडे सवलतीच्या वेळापत्रकासाठी वेगळा विभाग नसतो. त्यांच्या गेमशेजारी त्याच सेलमध्ये, त्याच किमतीला, पाच वर्षांपूर्वीचा शेकडो कोटी खर्चून केलेला गेम उभा असतो. मोठ्यांच्या खोल सवलती लहानांचा पूर्ण किमतीचा बाजार खातात, आणि लहानांनी सूट दिली नाही तर ते सेलच्या यादीत दिसतच नाहीत. ही कोंडी सुटलेली नाही.

रुपयातली किंमत

वेळेनुसार किंमतभेद होतो, तसा देशानुसारही होतो. नोव्हेंबर २०१५ पासून स्टीमवर भारतात रुपयांत किंमत दिसते आणि अनेक प्रकाशक ती डॉलरच्या सरळ हिशेबापेक्षा कमी ठेवतात. सगळेच नाही. प्लेस्टेशन ५ भारतात आलं तेव्हा सोनीनं नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपये ठेवली. अमेरिकेतल्या ७० डॉलरच्या मानानं ती फारशी कमी नव्हती. पगाराच्या मानानं पाहिलं तर आपल्याकडे पूर्ण किंमत हीच अनेकांसाठी 'नाही' असते, आणि सेल हीच खरी किंमत.

प्रादेशिक स्वस्ताईलाही मर्यादा आहे. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात चलन कोसळत गेलं, तिथले गेम कवडीमोल झाले आणि बाहेरचे लोक त्या देशांतले असल्याचं भासवून खरेदी करू लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमनं दोन्ही ठिकाणी स्थानिक चलन बंद करून डॉलर आणला. तिथल्या खेळणाऱ्यांना एका रात्रीत कितीतरी पट किंमत दिसू लागली.

फुकट कुणाला परवडतं?

२०१८ च्या अखेरीस एपिक गेम्सनं स्टीमसमोर स्वतःचं दुकान थाटलं आणि गेम फुकट वाटायला सुरुवात केली. २०२१ मध्ये ॲपलविरुद्धच्या खटल्यात त्यामागचा हिशेब उघड झाला. पहिल्या नऊ महिन्यांत एपिकनं निर्मात्यांना सुमारे १.१६ कोटी डॉलर मोजले आणि त्यातून सुमारे ५० लाख नवी खाती मिळवली. एकट्या 'सबनॉटिका'साठी १४ लाख डॉलर. म्हणजे तिथे ग्राहक गेम विकत घेत नव्हता. दुकान ग्राहक विकत घेत होतं, माणशी सव्वादोन-अडीच डॉलरला.

घेणाऱ्यानं काय पाहावं?

पीसी गेम असेल तर स्टीमडीबी किंवा इजदेअरएनीडील या संकेतस्थळांवर त्याच्या आजवरच्या किमतींचा इतिहास फुकट दिसतो. आज ६० टक्के सूट असेल आणि दोन महिन्यांपूर्वीही तेवढीच होती, तर घाई करण्याचं कारण नाही, ती पुन्हा येईल. सूट दर वेळी थोडी खोल होत असेल, तर शिडी अजून संपलेली नाही. युरोपीय संघात मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगणं बंधनकारक आहे. आपण ते स्वतः पाहायचं. मित्रांसोबत ऑनलाइन खेळण्याचा गेम असेल, तर मात्र थांबण्याचा हिशेब बदलतो. दोन वर्षांनी तो स्वस्त होतो, तेव्हा सोबत खेळणारे दुसरीकडे गेलेले असतात.

आणि एक सवलत अशी असते जिच्यानंतर पुढची नसते. 'फोर्झा होरायझन ४' या रेसिंग गेममध्ये खऱ्या गाड्या आणि खरी गाणी होती, त्यांचे परवाने संपत होते. १५ डिसेंबर २०२४ ला तो सगळ्या दुकानांतून काढला जाणार हे मायक्रोसॉफ्टनं काही महिने आधी सांगितलं आणि स्टीमवर त्याला ८० टक्के सूट लावली. ज्यांनी तो घेतला, त्यांना तो आजही खेळता येतो. युबीसॉफ्टच्या 'द क्रू'च्या बाबतीत तसं झालं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत देऊन घेतलेला असो वा सेलमध्ये, तो गेम कुणालाच सुरू करता येईनासा झाला.